साठ करंज्या, चौऱ्याऐंशी लाडू

दिवाळीचा फराळ झालाय. डब्यात ६० करंज्या आणि ८४ लाडू आहेत. शेजारीपाजारी द्यायला पुडे बांधायचेत, सगळे अगदी सारखे, आणि मागे काही उरायला नको. जास्तीत जास्त किती पुडे होतील?

पुड्यांच्या संख्येने दोन्ही आकड्यांना पूर्ण भाग जायला हवा. आधी करंज्या घेऊ. ६० म्हणजे एक साठे साठ, दोन तिसे साठ, तीन विसे साठ. मग ४ आणि १५, ५ आणि १२, ६ आणि १०. सात, आठ, नऊ यांनी ६० ला भाग जात नाही आणि दहापाशी आलो की त्याच जोड्या उलट्या होऊन भेटतात. खरं तर सातापाशीच थांबता येतं, कारण आठ आठे चौसष्ट, म्हणजे साठाच्या पुढे. हे थांबणं मुलांना जरूर दाखवा, निम्मे कष्ट वाचतात.

८४ च्या जोड्यांत ७ आणि १२ सापडतात. दोन्हीकडे असलेला सर्वांत मोठा विभाजक १२. हाच मसावि, महत्तम सामाईक विभाजक. बारा पुडे, प्रत्येकात पाच करंज्या, सात लाडू.

आकडे मोठे असले की जोड्या मांडणं जिकिरीचं होतं. तिथे सुमारे २३०० वर्षांपूर्वी युक्लिडने लिहून ठेवलेली रीत कामी येते. ८४ ला ६० ने भागा, बाकी २४. ६० ला २४ ने भागा, बाकी १२. २४ ला १२ ने पूर्ण भाग जातो. झालं, उत्तर १२! आर्यभटाच्या कुट्टक नावाच्या रीतीतही असाच भागाकारामागून भागाकार चालतो.

आता तुमच्या डब्यातले लाडू मोजा.