बास गिटारचें लांकूड

आपल्या मापाचें वाद्य करवून घेण्यासाठीं वादक कारागिराकडे जातो, तेव्हां त्याची दृष्टि प्रथम लांकडाच्या रूपाकडे वळते. रेशमी चमक, वाघाच्या कातड्यासारखे पट्टे, दुर्मिळ झाडाचें नांव यांना तो भुलतो. खर्जाचे स्वर देणाऱ्या बास गिटारच्या बाबतींत ही भूल फार महाग पडते. कारण तिच्या लांब दांडीवर चार जाड तारांचा मिळून सुमारें ७५ किलोग्रॅमचा ताण अहोरात्र असतो. धड कुरूप असलें तरी वाजतें. दांडी पिळवटली कीं वाद्य निकामी होतें.

म्हणून निवडीचा आरंभ दांडीपासून व्हावा. अमेरिकेंत कॅलिफोर्नियामध्यें लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं प्रिसिजन बास विक्रीस आणली. तिची दांडी एकसंध मेपलची, तर धड अ‍ॅशचें होतें. मेपल कठीण, ताठ आणि बारीक पोताचें असतें. परंतु लांकडाच्या जातीइतकेंच फळी कशी चिरली आहे हेंहि महत्त्वाचें आहे. फळी टोकाकडून पाहिली असतां वर्षवलयांच्या रेषा रुंद बाजूशीं काटकोनांत उभ्या दिसाव्या; अशी फळी हवामान पालटलें तरी कमी हलते. लांकूड चांगलें मुरलेलें असावें. दांडीच्या पोटांतील पोलादी सळईनें वांक सुधारतां येतो. पीळ सुधारत नाहीं.

आवाजाशींहि दांडीचा निकटचा संबंध आहे. या वाद्याचें धड भरीव असतें. पोलादी तारांचें कंपन चुंबकाच्या साह्यानें टिपलें जातें. मात्र दांडीचें स्वतःचें कंपन एखाद्या स्वराशीं जुळलें, तर ती तारेची शक्ति शोषून घेते आणि तो स्वर अकालीं मावळतो. अनेक बास गिटारांत सर्वांत बारीक तारेवर पांचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास हा दोष आढळतो. धडासाठीं उंची लांकूड घेऊन तो टळतोच असें नाहीं.

दांडीवरील पट्टीसाठीं मेपलप्रमाणेंच शिसवी वापरतात. सह्याद्रींत वाढणारें हें लांकूड जुन्या वाड्यांतील पलंगांमुळें मराठी घरांच्या ओळखीचें आहे. ब्राझीलच्या शिसवीचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९२ पासून जवळजवळ बंद आहे. भारतीय शिसवीवरहि २०१७ सालीं परवान्याचें बंधन आलें. तयार वाद्यांना २०१९ सालीं त्यांतून सूट मिळाली.

धड निवडतांना तराजू हाच खरा सल्लागार. फार जड धडानें खांदा भरून येतो. फार हलकें घेतलें तर खुंट्यांचा भार दांडीला खालीं ओढतो आणि डाव्या हातानें ती सांवरीत वाजवावें लागतें. मिसिसिपीच्या पाणथळ खोऱ्यांतील हलका अ‍ॅश यासाठीं नांवाजलेला आहे. पण पुरांमुळें आणि झाड पोखरणाऱ्या एका किड्यामुळें त्याची टंचाई झाली व २०२० सालीं फेंडर कंपनीनें त्याचा वापर मर्यादित केला. त्याऐवजीं अल्डर घेण्यांत कमीपणा नाहीं. फेंडरच्याच कारखान्यांत १९५६ च्या सुमारास तो रूढ झाला होता.

तेव्हां आधीं सरळ दांडी, मग तोललेलें धड आणि शेवटीं शोभा, हा क्रम राखावा. पैसा अपुरा पडला तर काटछाट शोभेंत करावी, दांडींत करूं नये.