चित्रपट तोच, प्रेक्षक निराळा
(तालुका शिक्षक मेळाव्यात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



लहानपणी आवडलेला चित्रपट उतारवयात पुन्हा पाहावा काय, असा प्रश्न अनेकजण विचारतात. आठवणीतील गोडी नाहीशी होईल, अशी भीती त्यामागे असते. ही भीती अगदीच निराधार नाही. तरीही तो जरूर पाहावा, असे माझे मत आहे. त्यासाठी एकच उदाहरण देतो.

प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला. दामले आणि फत्तेलाल यांनी त्याचे दिग्दर्शन केले होते. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. आमच्या गावच्या जत्रेत तंबूतील पडद्यावर मी तो प्रथम पाहिला, तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा असेन. सदेह वैकुंठाला जाणारे तुकोबा आणि आकाशात झेपावणारा गरुड एवढेच त्या वेळी मनावर ठसले. तुकोबांची पत्नी जिजाई संतापून बोलू लागली की आम्ही मुले खदखदून हसत असू. बायकांच्या बाजूला बसलेली माझी आई मात्र हसली नव्हती. त्याचे कारण तिला विचारावे, असे मला कधी सुचले नाही.

सेवानिवृत्तीनंतर तोच चित्रपट मी पुन्हा पाहिला. गरुडाच्या दृश्यातील कृत्रिमता चटकन ध्यानात आली. विष्णुपंत पागनीसांच्या मुखावरील शांत भाव मात्र पूर्वीइतकाच मोहक वाटला. पण या वेळी माझी दृष्टी खिळली ती गौरी या अभिनेत्रीने रंगविलेल्या जिजाईवर. घरात धान्य नाही, मूल आजारी आहे आणि पती भजनात रंगला आहे. अशा वेळी त्या मुलाला घेऊन ती देवळात जाते आणि प्रत्यक्ष विठ्ठलाला जाब विचारते. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा पाहून घरातील माणसे हरखून जातात. तुकोबा तो परत करतात. तुकोबांची निरिच्छता थोर, यात शंका नाही. परंतु त्या निरिच्छतेची किंमत चुलीपाशी कोण मोजत होते, हे दिग्दर्शकांनी लपविलेले नाही. लहानपणी मला ते दिसले नाही. माझ्या आईला दिसले होते. आता ती हयात नाही.

सारेच जुने चित्रपट असे पुन्हा भेटतात, असे नाही. काही केवळ गाण्यांवर तगून असतात, तर काहींतील विनोद आज बोचतो. मात्र तसे वाटणे हीदेखील आपल्या वाढीचीच खूण होय. आवडत्या कलाकृतीचे दोष दाखविणे म्हणजे तिच्याशी कृतघ्न होणे नव्हे.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात वर्षातून एकदा तरी असा एखादा जुना चित्रपट दाखवावा. मुले, आईवडील आणि आजीआजोबा यांनी तो एकत्र बसून पाहावा. तो संपताच दिवे लावून घरी न जाता अर्धा तास थांबावे आणि कोणाला काय दिसले, हे एकमेकांना विचारावे. आरंभ घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांपासून करावा.

मी विचारावयाचे राहून गेलो. आपण राहू नये, इतकेच सांगून आपली रजा घेतो.