विष्णू नावाचे गृहस्थ



ग्रंथालयाच्या तालिकेत लेखकांची कार्डे आडनावाच्या क्रमाने लावलेली असतात. खांडेकर ‘ख’च्या खणात, चिपळूणकर ‘च’च्या खणात, भातखंडे ‘भ’च्या खणात आणि शिरवाडकर ‘श’च्या खणात, असे हे सारे एकमेकांपासून दूर दूर राहतात. परंतु एखाद्या जिज्ञासूने ही कार्डे आडनावाऐवजी व्यक्तिनामाप्रमाणे लावायचे ठरविले, तर ‘विष्णू’ या एकाच नावापाशी केवढी गर्दी होईल! निबंधकार, सुधारक, नाटककार, सर्कशीचा चालक, गायक, संगीतशास्त्रज्ञ, कादंबरीकार, कवी, नट, क्रांतिकारक आणि चित्रकार अशी ही मंडळी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढील दीडशे वर्षांत मराठी माणसाने ज्या ज्या क्षेत्रात नवे काही उभे केले, त्यातील बहुतेक ठिकाणी एक तरी विष्णू उभा असलेला दिसतो. त्यांतील एक तर इंदूरचेच.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी. त्यामुळे ठरावीक नावेच पिढ्यान्पिढ्या घरात फिरत राहिली आणि नामसाधर्म्य अटळ झाले. त्यावर मराठी माणसाने तोड काढली ती वडिलांच्या नावाची. दोन आद्याक्षरे आणि आडनाव एवढ्यावर माणूस ओळखता येतो, असा आपला समज असतो. पण तो पुरता खरा नाही. वि. स. खांडेकर विष्णू, वि. दा. सावरकर मात्र विनायक, वि. का. राजवाडे विश्वनाथ, तर वि. रा. शिंदे विठ्ठल. एकट्या ‘वि’ने किती जणांना आसरा द्यावा! महानुभाव वाङ्मयाचे थोर संशोधक, १९६७ साली आपल्या भोपाळात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. वि. भि. कोलते हे विष्णू भिकाजी. त्यांच्याआधी सुमारे शंभर वर्षे आणखी एक विष्णू भिकाजी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी वाद घालत होते. त्यांचे आडनाव गोखले. पण त्या नावाने त्यांना कोणी ओळखत नाही. ते विष्णुबुवा ब्रह्मचारी. १८५७ सालचे ते वाद पुढे ग्रंथरूपाने आले. ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहिणाऱ्या या बुवांनीच १८६७ साली ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहून सर्व भूमी आणि तिचे उत्पन्न सर्वांचे सामाईक असावे, असा विचार मांडला. धर्मवादी म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांनी ही दुसरी पुस्तिका अवश्य चाळावी.

नामसाधर्म्यातून होणारा खरा घोटाळा दोन विष्णुशास्त्र्यांचा. दोघेही शास्त्री, दोघेही लेखणीचे धनी, आणि दोघांची कीर्ती १८७०च्या दशकातली. विष्णु परशुराम शास्त्री पंडित (१८२७–१८७६) हे विधवाविवाहाच्या चळवळीचे अध्वर्यू. ईश्वरचंद्र विद्यासागरांचा विधवाविवाहावरील ग्रंथ त्यांनी मराठीत आणला, ‘इंदुप्रकाश’मधून या प्रश्नावर सतत लिहिले, १८६६ साली निघालेल्या विधवाविवाहोत्तेजक मंडळाचे काम अंगावर घेतले, आणि १८७० साली पुण्यात शंकराचार्यांच्या समक्ष झालेल्या प्रसिद्ध वादात सुधारकांची बाजू मांडली. बोलल्याप्रमाणे वागण्याची वेळ आली तेव्हा तेही मागे हटले नाहीत. उत्तरायुष्यात त्यांनी स्वतः विधवेशी विवाह केला. दुसरे विष्णु कृष्णशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२). जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिचे चौऱ्याऐंशी अंक काढले. मराठी गद्याला त्यांनी जी धार दिली, तिचा प्रहार ज्यांच्यावर झाला ते बहुतांशी सुधारकच होते. लोकहितवादी आणि जोतीराव फुले हे दोघेही त्या लेखणीतून सुटले नाहीत. १८८० साली टिळक-आगरकरांसह न्यू इंग्लिश स्कूल, पुढच्याच वर्षी ‘केसरी’ आणि ‘मराठा’, आणि वयाच्या बत्तिसाव्या वर्षापूर्वीच मृत्यू असे हे विजेसारखे आयुष्य.

आज नुसते ‘विष्णुशास्त्री’ म्हटले की डोळ्यांसमोर चिपळूणकर येतात. भाषाशैलीच्या बळावर त्यांनी ते नाव जणू कायमचे आपल्याकडे घेतले. पंडितांच्या वाट्याला आला तो चळवळीच्या इतिहासातील एखादा परिच्छेद. ज्याने पुष्कळ आणि झोकदार लिहिले त्याचे नाव उरले. ज्याने लोकांच्या शिव्याशाप सोसून एकेक विवाह घडवून आणला, त्याच्या नावामागे मात्र ‘कोणते विष्णुशास्त्री?’ हा प्रश्न चिकटला. हा न्याय समतोल आहे, असे म्हणवत नाही.

आता कृष्णाकाठी जाऊ. पटवर्धन संस्थानिकांचे आराध्यदैवत गणपती. परंतु त्यांच्या सांगली-मिरज-कुरुंदवाडच्या मुलखात पीक आले ते विष्णूंचे. १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णु अमृत भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. आख्यानांचे कर्ते म्हणून ते ‘विष्णुदास’ झाले आणि जगानेही त्यांना तेच नाव दिले. राजाश्रय संपल्यावर त्यांनी मंडळी घेऊन गावोगाव दौरे काढले आणि १८५३ साली मुंबईत खेळ केले. नाटक पैसे देऊन पाहावयाचे असते, हे मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडू लागले ते या दौऱ्यांपासून.

त्याच परिसरातील अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे. हे अश्वविद्येत निष्णात. गाण्याच्या ओढीने ते ग्वाल्हेरला गेले, हद्दू खाँसाहेबांच्या सहवासात राहिले आणि घोड्यांची विद्याही तेथेच पक्की करून आले. पुढे इटालियन चिआरिनी यांची सर्कस मुंबईत आली. ती पाहून ‘हे आपल्यालाही साधेल’ अशी ईर्षा त्यांच्या मनात उत्पन्न झाली आणि १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. हिंदी माणसाची ही पहिली सर्कस. परंतु विष्णुपंतांचे नाव संगीताच्या इतिहासातही घ्यावे लागते. हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ हे विलक्षण गळ्याचे, पण व्यवहारात पूर्ण हरवलेले गायक. काशीत विपन्नावस्थेत असलेल्या या कलावंताला विष्णुपंतांनी आपल्यापाशी आणले, सर्कशीबरोबर गावोगाव नेले, सांभाळले आणि त्यांचे गाणे लोकांना ऐकविले. विष्णुपंतांच्या पश्चातही छत्रे घराण्याने त्यांना अंतर दिले नाही. वाघ-हत्तींच्या तंबूत ग्वाल्हेरची गायकी जपली गेली, ही गोष्ट गानरसिकांनी विसरू नये.

कुरुंदवाडलाच १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकर जन्मले. मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी गाण्याची तालीम सुरू झाली. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्याच लाहोरच्या तुरुंगात १६ नोव्हेंबर १९१५ रोजी गदर चळवळीतील विष्णु गणेश पिंगळे हा आणखी एक मराठी विष्णू फासावर गेला, हेही जाता जाता सांगावयास हवे.

विष्णु दिगंबरांचे समकालीन विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६). एकाच काळात, एकाच विद्येत, एकाच कार्याला वाहून घेतलेले दोन विष्णू हा योग विलक्षण खरा. एक मैफलीचा गवई. दुसरा वकिलीचा व्यवसाय केलेला, देशभर हिंडून उस्तादांकडून बंदिशी मिळविणारा पंडित. एकाने शिष्य तयार केले आणि त्यांना गावोगाव धाडले. दुसऱ्याने ग्रंथ रचले, परिषदा भरविल्या, ग्वाल्हेर व लखनौ येथे संगीत विद्यालये उभी केली. भातखंड्यांनी संस्कृत ग्रंथासाठी ‘चतुर पंडित’ हे नाव घेतले, तसे ‘विष्णुशर्मा’ हेही घेतले. म्हणजे टोपणनावातही विष्णू सुटला नाही.

वाचनालयात या दोघांच्या परंपरेतील पुस्तके शेजारी शेजारी असतात आणि नवशिक्या सभासदाची फसगत होते ती येथे. दोघांनीही स्वरलेखनाची पद्धती दिली, परंतु चिन्हे भिन्न. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब दिले तर तो तार सप्तकातला; मंद्राचे टिंब खाली. विष्णु दिगंबर परंपरेतील प्रचलित लिपीत डोक्यावरचे टिंब मंद्राचे, आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ. आता हीच उभी रेघ भातखंडे पद्धतीत मध्यमावर आली की तो तीव्र मध्यम होतो. ‘विष्णूंची स्वरलिपी’ एवढेच ध्यानात ठेवून एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या खुणांनी वाचणारा विद्यार्थी वर जायचे तेथे खाली उतरेल आणि शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र लावील. पुस्तक देताना ‘कोणते विष्णू?’ हे विचारणारा ग्रंथपाल त्या विद्यार्थ्याचे काही महिने वाचवितो.

दोघांनाही मिळालेले फळ मात्र सारखे नाही. कर्जापायी विष्णु दिगंबरांच्या मुंबईच्या महाविद्यालयाची इमारत गेली. अखेरची वर्षे त्यांनी नाशिकला रामनामात काढली आणि १९३१ साली मिरजेत देह ठेवला. पण ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर अशी शिष्यमंडळी मागे राहिली.

साहित्यातील दोन विष्णूंची कथा याहून निराळी, कारण हे दोघे जन्माने विष्णू नव्हतेच. १८९८ साली सांगलीत जन्मलेले खांडेकर मुळात गणेश आत्माराम. ते चुलत्यांना दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. १९१२ साली पुण्यास जन्मलेले शिरवाडकर मुळात गजानन रंगनाथ. तेही काकांना दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. दोन गणपती, दोन दत्तकविधाने आणि दोन विष्णू! कादंबरीत असा योगायोग कोणी घातला असता, तर समीक्षकांनी त्याला फैलावर घेतले असते. १९४२ साली ‘विशाखा’ हा कुसुमाग्रजांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला, तो स्वतःच्या खर्चाने प्रकाशित केला वि. स. खांडेकरांनी, प्रस्तावनाही त्यांचीच. एका थोराने दुसऱ्याचे मोठेपण ओळखून त्यासाठी पदरचे पैसे घालावेत, असे प्रसंग वाङ्मयाच्या इतिहासात फार नाहीत. मराठीला पहिले ज्ञानपीठ मिळाले ते १९७४चे, ‘ययाति’कार खांडेकरांना, दुसरे १९८७चे, शिरवाडकरांना. २००३चे तिसरे विंदा करंदीकरांचे. ते गोविंद, म्हणजे पुन्हा विष्णूच. २०१४चे चौथे भालचंद्र नेमाडे यांना मिळाले तेव्हा कोठे गणपतीची पाळी आली.

चित्रपटातील विष्णुपंत पागनीसांचा उल्लेख केवळ नावापुरता करून चालणार नाही. ‘प्रभात’च्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये ते तुकाराम झाले आणि त्यानंतर लोकांना त्यांचा दुसरा चेहरा आठवेनासा झाला. हे विष्णू नट म्हणून गाजले ते विठ्ठलभक्ताच्या भूमिकेत.

विष्णु दिगंबरांचे शिष्य देवधर, देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व. कुमारजी १९४८ साली देवासला येऊन राहिले आणि माळव्याचेच झाले. त्यांच्या निकटच्या मित्रांत ‘नई दुनिया’चे संपादक राहुल बारपुते, रंगकर्मी बाबा डिके आणि चित्रकार विष्णू चिंचाळकर हे इंदूरकर होते. या मैफलीतल्या विष्णूला इंदुरात सारे ‘गुरुजी’ म्हणत. १९१७ साली जन्मलेल्या चिंचाळकरांनी देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. ज्या शाळेने बेंद्रे आणि हुसेन दिले, तीच ही शाळा. रंग, कुंचला, कॅनव्हास सारे हाती असताना या गृहस्थांची नजर मात्र वळली ती झाडाची साल, वाळलेले पान, फुटकी वस्तू, गोटे अशा गोष्टींकडे. लोक जे टाकून देत, त्यातील आकृती त्यांना आधी दिसे. हाताचे काम त्यानंतरचे आणि थोडेच. मुलांना त्यांनी चित्र काढावयास शिकविले त्यापेक्षा चित्र पाहावयास शिकविले. आपली कला मोठ्या शहरांच्या बाजारात नेण्याची धडपड त्यांनी केली नाही. २००० साली ते इंदुरातच निवर्तले.

भावे, छत्रे, पंडित, पलुसकर, भातखंडे, खांडेकर, शिरवाडकर या विष्णूंविषयी काही शोधावयाचे तर ग्रंथालयात पुस्तक मिळते. चिंचाळकरांची कृती पानांची आणि सालींची. ती कपाटात राहत नाही आणि लेखकाच्या कार्डावरही येत नाही. मात्र गुरुजींना पाहिलेली, त्यांच्यापाशी बसून काडीतून पक्षी आणि दगडातून चेहरा शोधलेली माणसे या गावात अजून आहेत. त्यांच्याकडून ऐकून, लिहून घेऊन, छायाचित्रे मिळवून एक फाईल तयार करता येईल. ‘च’च्या खणात चिपळूणकरांच्या अलीकडे, ‘चिं’पाशी तिच्यापुरती जागा मोकळी आहे.