भोगवटादार म्हणजे 'ओनर' नव्हे

हेडफोन लावलेत ना? आज आपण सातबारा वाचणार आहोत. कंटाळू नका, घरातल्या जमिनीचा विषय आहे.

मी जव्हारला कागदपत्रांची भाषांतरं करते, मराठीतून इंग्रजीत. मध्यंतरी मोखाड्याहून एका पोराचा फोन आला. "ताई, आमच्या सातबाऱ्याचं इंग्रजी करून आणलंय मध्यस्थानं. मुंबईचे लोक जमीन बघून गेलेत. बाबा उद्या सही करणारेत. जरा बघता का?"

व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो आले. एक मराठी, एक इंग्रजी. इंग्रजी बहुतेक मोबाइलवरच्या अ‍ॅपनं केलेलं. 'आकार'चं केलेलं 'शेप'! अहो, सातबाऱ्यातला आकार म्हणजे जमिनीवर ठरलेला सारा, इंग्रजीत 'असेसमेंट'. काकाच्या नावापुढे 'अ.पा.क.' होतं, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नोंद झाली तेव्हा काका अठराच्या आत होता, म्हणून 'मायनर' हवं. तिथे होतं 'इग्नोरंट'. पोरगा म्हणाला, "म्हणजे काकाला अडाणीच ठरवलं की!" आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या ओळीला मात्र हसू थांबलं. 'भोगवटादार वर्ग २' च्या जागी नुसतं 'ओनर'.

आपली जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या इंग्रजी प्रतीत भोगवटादाराला शब्द आहे 'ऑक्युपंट'. वर्ग १ च्या जमिनीला हस्तांतरणाचं बंधन नाही. वर्ग २ ची जमीनही कायमचीच असते, पण ती विकायला बंधनं आहेत. म्हणजे 'सेकंड क्लास' लिहिलं तरी चूक आणि 'ओनर' लिहिलं तरी चूक. त्यात खातेदार आदिवासी असेल, तर कलम ३६-अ लागू होतं. बिगर-आदिवासीला जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि ती देण्याआधी त्यांना राज्य सरकारची मान्यता घ्यावी लागते.

या बंदीची नोंद 'इतर हक्क' रकान्यात होती. इंग्रजीत तो रकानाच गायब!

नावावरून वाटतं, इतर हक्क म्हणजे आपल्याला मिळालेले जादा हक्क. तसं नाही. कर्जाचा बोजा, कूळ, बंदी अशा नोंदी तिथे असतात. सर्बियातही जमिनीच्या कागदावर असा वेगळा भाग असतो, आणि तिथला शब्द आहे 'तेरेत', म्हणजे चक्क ओझं. आपला बोजाच की तो!

वनपट्ट्याचंही तसंच. २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळालेली जमीन वारसांना जाते, पण विकता येत नाही. आणि लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर असतो. भाषांतरात एकट्या नवऱ्याचं नाव आलं, की आईचा हक्क कागदावरून पुसला गेला.

तुम्ही म्हणाल, इंग्रजी लागतंच कशाला? मुंबई हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं. आपला कागद तिथे पोचला, की भाषांतरच आपल्या वतीनं बोलतं.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. कायद्याचा शब्द अ‍ॅपला विचारू नका, त्याच कायद्याच्या इंग्रजी प्रतीत शोधा. एकही रकाना गाळू नका, रिकामा असेल तर 'रिकामा' असं लिहा. आणि नेमका शब्द नाहीच सापडला, तर मराठी शब्द तसाच ठेवून पुढे अर्थ लिहा.

त्या पोरानं रात्री पुन्हा फोन केला. सगळं ऐकून बाबा म्हणाले होते, "इंग्रजी राहू दे. मराठीत काय लिहिलंय, ते आधी मला वाचून दाखव." इतक्या वर्षांत घरात कुणी सातबारा मोठ्यानं वाचलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सही झाली नाही.

तुमच्या घरचा सातबारा आज काढा आणि घरच्यांना वाचून दाखवा. अडलेला शब्द मला कळवा, पुढच्या भागात घेऊ. भेटूच!