नव्या कामगाराची नोंद राहिली तर : भविष्य निर्वाह निधीच्या आदेशाविरुद्ध अपील



डिचोली किंवा सत्तरी तालुक्यातील काजूच्या एखाद्या कारखान्याचे उदाहरण घ्यावे. हजेरीपटावर पंधरा-सोळा नावे कायम असतात. बिया येऊन पडल्या की गर सोलण्यासाठी शेजारच्या गावांतील आणखी दहा बायका कामाला लागतात. मालक त्यांना आठवड्याची मजुरी रोख देतो, त्यांची नावे एका वहीत लिहितो आणि वही कपाटात ठेवतो. वर्ष उलटते. मग भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचा निरीक्षक येतो, वही पाहतो, माणसे मोजतो. ती वीसच्या वर भरतात. काही महिन्यांनी टपालाने नोटीस येते आणि मालक तीही त्याच कपाटात ठेवून देतो. दंडापेक्षा या सवयीनेच अधिक मालक बुडाले असावेत.

कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या, कायद्याच्या कक्षेतील आस्थापनेने पात्र कामगाराला निधीचा सभासद करून घ्यावयाचे असते. ठेकेदाराकरवी आणलेला मजूरही यातून सुटत नाही. शिक्षणसंस्थाही 1982 पासून या कायद्याच्या कक्षेत आल्या. विनाअनुदान शाळा चालविणाऱ्यांना हे पुष्कळदा नोटीस आल्यावरच कळते. "तीन महिने पाहू, टिकला तर नाव घालू," असे म्हणण्याची रीत जुनी आहे. पण सेवेच्या ठरावीक काळाची ती अट 1 नोव्हेंबर 1990 पासून गेली. कामगार पात्र असेल तर त्याचा हक्क पहिल्या दिवसापासून सुरू होतो. नव्या सभासदांचे विवरणपत्र, म्हणजे नमुना 5, महिना संपल्यावर पंधरा दिवसांत पाठवावे असा योजनेतील नियम होता. पुढे हीच माहिती संगणकावरील मासिक विवरणपत्रातून जाऊ लागली.

नोंद न झाल्यास मालकाकडून तीन रकमा मागितल्या जातात. पहिली मूळ थकबाकी, जी कलम 7-अ खालील चौकशीत ठरते. दुसरी कलम 7-क्यू खालील व्याज, दरसाल दरशेकडा 12. तिसरी कलम 14-ब खालील नुकसानभरपाई, जिला लोक दंड म्हणतात. विलंबाच्या कालावधीनुसार तिचा दर पूर्वी वर्षाला 5 पासून 25 टक्क्यांपर्यंत चढत असे. जून 2024 मध्ये तो थकबाकीच्या दरमहा 1 टक्का असा करण्यात आला. ही भरपाई मूळ थकबाकीहून अधिक होऊ शकत नाही.

हिशेब सोपा व्हावा म्हणून दहा बायका, प्रत्येकीचे वेतन महिना 10,000 रुपये आणि मुदत एक वर्ष असे धरावे. मालकाचे 12 टक्के व कामगाराचे 12 टक्के मिळून वर्गणी 2,88,000 रुपये होते. कामगाराचा वाटा त्या वेळी मजुरीतून कापला नसेल, तर नंतर मालकाला तो मनाला येईल तसा वसूल करता येत नाही. बहुधा दोन्ही वाटे त्याच्याच माथी बसतात, आणि व्याज व भरपाई वेगळी.

अपिलाचा विचार मनात येतो तो या टप्प्यावर. परंतु प्रकरणाचा पाया त्याआधीच्या चौकशीतच घातला जातो. आयुक्तांपुढे साक्षीपुरावा देता येतो, कागद मागविता येतात, साक्षीदारांना बोलावण्याची विनंती करता येते. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, आयुक्तांना साक्षीदार व कागदपत्रे बोलावण्याचा अधिकार आहे आणि निर्णयापूर्वी त्यांनी तो वापरला पाहिजे. ज्या मालकाने ठेकेदाराला बोलवा अशी लेखी मागणीच केली नाही, त्याला या निवाड्याचा आधार घेणे जड जाते. तारखेला कोणी गेलेच नाही आणि एकतर्फी आदेश झाला, तर तो कळल्यापासून तीन महिन्यांत रद्द करून मागता येतो. मात्र गैरहजेरीला सबळ कारण दाखवावे लागते. नवा महत्त्वाचा पुरावा सापडला किंवा आदेशात उघड चूक असली, तर 45 दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. अपील दाखल केल्यावर ही वाट बंद होते.

अपील कलम 7-आय खाली होते. 1997 पासून त्यासाठी दिल्लीत स्वतंत्र न्यायाधिकरण होते आणि लहान कारखानदाराला तेथवर जाणे परवडत नसे. 26 मे 2017 पासून हे काम केंद्र सरकारच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडे आले. गोव्याची प्रकरणे मुंबईला जातात. मुदत 60 दिवसांची असून सबळ कारण असल्यास आणखी 60 दिवस मिळू शकतात. म्हणून आदेशाचा लिफाफा फाडून टाकू नये, त्यावरील टपालाचा शिक्का पुढे कामाला येतो.

थकबाकीच्या आदेशाविरुद्ध अपील ऐकले जाण्यासाठी 75 टक्के रक्कम आधी ठेवावी लागते. वरील हिशेबात ती 2,16,000 रुपये होते. न्यायाधिकरण कारणे नोंदवून ही ठेव कमी किंवा माफ करू शकते, पण त्यासाठी वेगळा अर्ज हवा आणि अडचण ताळेबंदावरून दिसावयास हवी. केवळ व्याजाचा स्वतंत्र आदेश असेल तर त्यावर अपील नाही. व्याज व भरपाई एकाच आदेशात असल्यास अपील चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ठरविले.

"आमचा हेतू वाईट नव्हता" हा बचाव सर्वांत अधिक ऐकू येतो आणि तोच सर्वांत दुबळा आहे. कोडगूमधील गोणिकोप्पल येथील उद्यान प्रयोग केंद्राच्या प्रकरणात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भरपाई लावण्यासाठी दुष्ट हेतू सिद्ध करण्याची गरज नाही, कसूर पुरेशी आहे. टिकतात ते मुद्दे निराळे : माणसे वीस नव्हतीच, तीच नावे दोनदा मोजली गेली, अमक्याचे वेतन मर्यादेपलीकडे होते व तो पूर्वी सभासद नव्हता, चलन भरले असून जमेस धरले नाही. यांतील प्रत्येकाला हजेरीपट, वेतनपट किंवा बँकेचा उतारा लागतो.

21 नोव्हेंबर 2025 रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 अमलात आली. तिच्यात ही ठेव 25 टक्के आणि चौकशी सुरू करण्यास पाच वर्षांची मर्यादा सांगितली आहे. येथे सांगितलेली कलमे व मुदती 1952 च्या कायद्याखालील आदेशांच्या आहेत. तेव्हा हाती आलेला आदेश कोणत्या कायद्याखाली निघाला आहे, हे त्याच्या शिरोभागी प्रथम पाहावे.

सरकारने स्वतःहून नोंद करणाऱ्यांना दोनदा सवलत दिली. 2017 च्या मोहिमेत भरपाई वर्षाला एक रुपया होती. 1 नोव्हेंबर 2025 ते 30 एप्रिल 2026 या मुदतीच्या नोंदणी योजनेत ती एकरकमी 100 रुपये ठेवण्यात आली आणि न कापलेला कामगाराचा वाटाही माफ करण्यात आला.

वहीतल्या त्या दहा बायकांचा या साऱ्या व्यवहारात क्वचितच विचार होतो. 1976 पासून निधीच्या सभासदाला ठेवीशी निगडित विमा आहे. 2021 पासून त्याची कमाल रक्कम 7 लाख रुपये झाली. सोलणारी बाई कामावर असताना दगावली आणि तिचे नाव कार्यालयात नसले, तर तिच्या मुलांना आधी ती तेथे कामाला होती हेच सिद्ध करावे लागते. त्या वेळी कपाटातील तीच वही त्यांचा पुरावा असते, आणि ती बाहेर काढायची की नाही हे मालकाच्या हाती असते.