सुखाचे माप आणि ‘बरे आहे’ हे उत्तर



‘कसे काय?’ या प्रश्नाला मराठी माणूस ‘बरे आहे’ असे उत्तर देतो. आजारातून उठलेल्याविषयी ‘आता बरा आहे’ म्हटले, तर तो दुखण्यातून पार पडला असा अर्थ होतो. स्वयंपाकाविषयी ‘बरा होता’ म्हटले, तर सुगरणीचा चेहरा उतरतो. सुखाचे मोजमाप करू पाहणाऱ्या शास्त्राची अडचण या एका शब्दात मावते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ साली हे काम हाती घेतले. उत्पन्न किंवा घराचे क्षेत्रफळ नव्हे, तर आपल्या संस्कृतीत व मूल्यांत वावरणाऱ्या माणसाला स्वतःचे आयुष्य कसे वाटते, ते मोजायचे होते. एके ठिकाणी प्रश्नावली रचून इतरांकडे केवळ भाषांतरासाठी धाडण्याचा सोपा मार्ग टाळला गेला. दिल्ली व मद्रास धरून १५ केंद्रांनी रुग्ण, निरोगी माणसे आणि वैद्यकीय कर्मचारी यांच्याशी चर्चा करून प्रश्न घडवले. त्यांतून १०० प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध झाली, पुढे २६ प्रश्नांची संक्षिप्त आवृत्ती आली. श्रद्धेलाही तीत स्थान मिळाले.

उत्तरांचे शब्द निवडण्याची रीत तर मुद्दाम सांगण्याजोगी. दहा सेंटिमीटरची रेघ ओढायची, दोन टोकांना दोन शब्द लिहायचे आणि मधला प्रत्येक शब्द कोठे बसतो, तेथे लोकांनाच खूण करायला लावायची. पाव, निम्मे आणि पाऊण या जागांजवळ पडलेले शब्द तेवढे स्वीकारायचे. ‘बऱ्यापैकी’ची जागा शब्दकोशाने नव्हे, बोलणाऱ्यांनी ठरवायची!

तरीही झोप, पैसा, नाती अशी २४ अंगे सर्वत्र तीच राहिली. एखाद्या केंद्राला स्वतःचे प्रश्न जोडता येतात, परंतु जोडलेला प्रश्न पाहुण्यासारखा कडेलाच बसतो.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांना ही अडचण रुग्णालयात भेटते. आजी ‘बरे आहे’ म्हणते, शेजारी उभा असलेला नातू त्याचे ‘ठीक है’ करतो आणि औषध तेच चालू राहते. मुलांना त्रास नको म्हणून गिळलेले दुखणे त्या दोन शब्दांआड दडते. मराठी शाळेत शिकलेल्या नातवाला मात्र आणखी एक प्रश्न सुचू शकतो. प्रश्नावली मागील दोन आठवड्यांचा हिशेब मागते. आजीच्या लेखी तो पंधरवडा असतो. ‘गेल्या एकादशीपासून झोप कशी लागतेय?’ असे विचारले, की रात्री कितीदा उठावे लागले, ते ती बोटांवर मोजू लागते.