बाळंतपणानंतर पोट आत का जात नाही?

हातातलं काम चालू राहू द्या, पोळ्या लाटता लाटता ऐकलंत तरी चालेल. फक्त मध्ये एक तपासणी सांगणार आहे, ती काम आटोपल्यावर निवांत करा.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक बाई आल्या. धाकटा मुलगा 14 महिन्यांचा. एसटीत कुणीतरी उठून त्यांना जागा दिली आणि विचारलं, "कितवा महिना?" त्या मुकाट्याने बसल्या, कारण खरं सांगायची लाज वाटली. त्या दिवसापासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. मूल अंगावर पीत होतं आणि आई उपाशी! हातपाय वाळले, पोट मात्र तसंच. सासूबाई म्हणत, "पोट नीट बांधलं नाहीस, वारा शिरला." मी हात लावून पाहिलं. वारा नव्हता, चरबीही फारशी नव्हती. पोटाच्या मधोमध चार बोटांची फट होती.

ही फट कसली, ते सांगते. बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत पोटावर स्नायूंचे दोन उभे पट्टे असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांना मधे एक चिवट पांढरा पडदा जोडतो. गरोदरपणी पोटावर काळसर रेघ उमटते ना, बरोबर तिच्याखाली. बाळ वाढतं तसा तो पडदा ताणतो आणि पट्टे बाजूला सरकतात. नवव्या महिन्यात हे जवळपास प्रत्येकीचं होतं. बाळाला जागा हवीच की! बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत फट बरीच भरून येते. काहीजणींची मात्र तशीच राहते. डॉक्टर त्याला डायस्टॅसिस म्हणतात. यात बाईचा दोष काही नसतो, आणि उपाशी राहून ती फट मिटत नाही.

आता तपासणी. बाळंतपणाला सहा आठवडे झाले असतील तर करा. उताणं झोपा, गुडघे दुमडा, पावलं जमिनीवर टेकवा. बोटं आडवी धरून बेंबीच्या जरा वर ठेवा आणि डोकं थोडंसंच उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मधे किती बोटं मावतात? बेंबीवर आणि बेंबीखालीही असंच पाहा. दोन बोटांपर्यंत असेल तर घाबरू नका. जास्त असेल, किंवा बोटं मऊ मऊ खोल जात असतील, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. नुसती रुंदी महत्त्वाची नसते, मधला पडदा ताठ होतो की नाही हेही पाहावं लागतं.

डोकं उचलताना पोटाच्या मधोमध करंजीसारखा उभा फुगवटा येतो का, तेही बघा. तो आपला धोक्याचा कंदील. ज्या कामात तो येतो, ते काम सध्या तसं करायचं नाही. मोबाईलवर "सात दिवसांत पोट सपाट" म्हणून उठाबशा काढायला लावणारे व्हिडिओ असतात. फट असताना झोपून सरळ उठायचे ते व्यायाम केले की जोर नेमका मधल्या पडद्यावर येतो. माझ्या त्या बाईंनी ते महिनाभर केले होते.

मग करायचं काय? सुरुवात श्वासापासून. तसंच उताणं झोपून एक हात बेंबीखाली ठेवा. नाकाने श्वास घ्या, पोट वर येऊ द्या. आता चूल फुंकतो तसा तोंडाने हळूहळू सोडा, आणि सोडताना लघवी रोखून धरल्यासारखं खालचं अंग वर ओढा. हाताखालचं पोट आपोआप आत जाईल. पाच अंक मोजा, सोडून द्या. श्वास कोंडायचा नाही. आठ-दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. मूल पाजून झाल्यावर करा, म्हणजे विसरत नाही. यात पोटाचा सर्वांत आतला स्नायू कामाला लागतो. कमरेभोवती देवाने बांधून दिलेला पट्टाच तो! हे जमलं की पुढे टाच सरकवणं, कंबर उचलणं. पण ते कुणाला कधी द्यायचं हे तपासून ठरतं. सिझर झालं असेल तर टाके भरल्यावर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

व्यायामाइतकंच उठणं-बसणं महत्त्वाचं. अंथरुणातून सरळ उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हाताच्या रेट्याने उठा. बाळंतिणीला रात्रीतून सहा-सहा वेळा उठावं लागतं, हिशोब करा. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट असून पहिल्या खेपेला झोपेत सरळच उठायची! कळशी किंवा मूल उचलताना श्वास सोडत उचला. भरलेला हंडा शक्यतो दुसऱ्याला द्या. शौचाला कुंथू नका. पाणी, भाजी भरपूर घ्या. शिंक-खोकला आला तर पोटावर हात दाबून धरा.

आणि पोट बांधण्याचं काय? सासूबाईंशी भांडू नका. बांधल्याने आधार वाटतो, सुरुवातीला बरंही वाटतं. पण कापड स्नायूला ताकद देत नाही. फार आवळलं तर जोर खाली जातो, आणि बाळंतपणाने खालचं अंग आधीच सैल झालेलं असतं. सैलसर बांधा आणि आतल्या आत तो श्वासाचा व्यायाम करा.

खोकताना लघवी सुटत असेल, अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर लपवू नका. बेंबीपाशी गाठ आली आणि ती दुखू लागली, कडक झाली, उलट्या झाल्या, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. आशाताई 42 दिवसांपर्यंत घरी येतात, बाळाचं वजन करतात. त्यांना आपल्या पोटाविषयीही विचारा.

मूल पाच वर्षांचं झालं, आता काय उपयोग, असं विचारणाऱ्याही भेटतात. स्नायू तेव्हाही शिकतो, वेळ जास्त लागतो एवढंच. प्रत्येकीची फट पूर्ण मिटेलच असं मी सांगणार नाही. त्या बाईंची चार महिन्यांत चारवरून अडीच बोटांवर आली. संध्याकाळी पोट अजून थोडं पुढे येतं म्हणतात. पण मूल कडेवर घेऊन चढ चढतात, आणि रात्री दोन भाकरी खातात.

पुढच्या बुधवारी याच वेळी खोकताना लघवी सुटते त्याबद्दल बोलू. कुणी हसणार नाही, सगळ्याजणी ऐका. नमस्कार.